सगळे पास, तरी शहर नापास

पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या व्हॅनमध्ये पीयूसी काढायला फार वेळ लागत नाही. सायलेन्सरमध्ये एक सळई जाते, नंबरप्लेटचा फोटो निघतो आणि गाडी पास झाल्याचा कागद हातात येतो. कारखान्यांच्या आणि वीज केंद्रांच्या चिमण्यांनाही मर्यादा ठरवून दिलेल्या आहेत, त्या मोजणारी यंत्रं आहेत, अहवाल आहेत. कागदोपत्री प्रत्येकाच्या धुराला हद्द आखून दिलेली आहे.

तरीही जानेवारी २०१९मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा हवेच्या मानकांत वर्षानुवर्षं न बसणाऱ्या शहरांच्या यादीत मुंबई, पुणे, नागपूर, चंद्रपूर यांच्या जोडीला अमरावती आणि अकोला ही नावं होती. मुंबईचं नाव पाहून कुणी दचकलं नाही. पण ज्या वऱ्हाडात मोठे कारखाने हवेत म्हणून दर निवडणुकीत मागणी होते, तिथली दोन शहरं या यादीत कशी? गाड्या पास, चिमण्या हद्दीत, मग शहर नापास कसं?

उत्तर मोजण्याच्या पद्धतीत आहे. पीयूसीचं यंत्र एक गोष्ट मोजतं, चिमणीतली नळी दुसरी, शहराच्या गच्चीवरचं यंत्र तिसरी आणि देशाच्या उत्सर्जनाचा हिशेब चौथी. एकाच्या उत्तराने दुसऱ्याचा प्रश्न सुटत नाही.

पीयूसी नेमकं काय तपासतं?

पेट्रोल गाडीच्या पीयूसीत मुख्यतः दोन वायू पाहिले जातात. पहिला कार्बन मोनॉक्साइड. इंधनाला पुरेसा ऑक्सिजन मिळाला नाही, जळणं अर्धवट राहिलं, की हा विषारी वायू तयार होतो. दुसरा हायड्रोकार्बन, म्हणजे न जळताच बाहेर पडलेलं इंधन. यंत्रात धुरातून अवरक्त किरण सोडतात. प्रत्येक वायू या किरणांतला आपापला ठरावीक भाग शोषून घेतो. किती शोषला गेला त्यावरून धुरात त्या वायूचं प्रमाण कळतं. मर्यादा गाडीच्या पिढीनुसार बदलतात. २०००नंतर बनलेल्या जुन्या पिढीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्क्यांपर्यंत चालतो, बीएस-४ (भारत स्टेज-४) मानकाच्या पेट्रोल कारला मात्र फक्त ०.३ टक्के.

डिझेलची तपासणी वेगळी. तिथे गाडी जागेवरच ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबतात आणि धूर प्रकाशाला किती अडवतो ते पाहतात. म्हणजे धुराचा काळेपणा मोजतात. जुन्या गाड्यांना ६५ एककांची आणि बीएस-४ गाड्यांना ५० एककांची मर्यादा आहे.

या चाचणीच्या उणिवा तिच्या रचनेतच आहेत. एक तर ती टक्केवारी सांगते, वजन सांगत नाही. दोन इंजिनांच्या धुरात एखाद्या वायूचं प्रमाण सारखंच असलं, तरी मोठं इंजिन तासाला कितीतरी जास्त धूर सोडतं. दुसरं, पेट्रोल गाडी तपासली जाते ती उभी असताना, इंजिनावर भार नसताना. नायट्रोजनची ऑक्साइडं नेमकी भाराखाली जास्त बनतात. इंजिन तापलं, की हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांशी जोडले जातात. चार माणसं आणि सामान घेऊन चिखलदऱ्याचा घाट चढणारी गाडी ही ऑक्साइडं भरपूर सोडते, पंपावर उभी असलेली तीच गाडी जवळपास नाही. शिवाय पीयूसीत त्यांच्यासाठी मर्यादाच नाही. सूक्ष्म धूळकणांचं वजनही त्यात होत नाही.

म्हणून पीयूसी निरुपयोगी ठरत नाही. बिघडलेलं इंजिन, चोंदलेला एअर फिल्टर, भेसळीचं इंधन हे सगळं ती पकडते. पण ती गाडीची तब्येत सांगते. शहराच्या हवेत त्या गाडीने किती भर घातली, हे तिला ठाऊक नसतं.

किलोमीटरमागे किती ग्रॅम?

हे मोजायचं तर गाडी चालवावी लागते. पुण्याची एआरएआय ही संस्था १९६६पासून वाहनांच्या चाचण्यांत आहे. तिथे नवं मॉडेल मोठ्या रुळांवर उभं करतात. चाकं फिरतात, रूळ फिरतात, गाडी जागेवरच राहते. ठरवून दिलेल्या क्रमाने वेग वाढवायचा, कमी करायचा, थांबायचं. बाहेर पडणारा सगळा धूर स्वच्छ हवेत मिसळून त्याचा नमुना पिशव्यांत गोळा करतात. त्यावरून दर किलोमीटरला किती मिलिग्रॅम ते निघतं.

बीएस-६ची मानकं याच भाषेत लिहिलेली आहेत. डिझेल कारला बीएस-४मध्ये किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडं चालत होती. १ एप्रिल २०२०पासून ती मर्यादा ८० झाली. धूळकणांची मर्यादा २५ मिलिग्रॅमवरून ४.५वर आली. त्यासाठी आधी इंधन सुधारावं लागलं. पेट्रोल-डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत ५० होतं, ते १० भागांवर आणलं. कारण धूर शुद्ध करणाऱ्या उपकरणात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे धातू असतात आणि गंधक त्यांच्या पृष्ठभागावर बसून त्यांना निकामी करतं.

याच धातूंच्या पृष्ठभागावर कार्बन मोनॉक्साइडला ऑक्सिजन मिळून त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेलं इंधन जळतं आणि नायट्रोजन ऑक्साइडांचा पुन्हा साधा नायट्रोजन होतो. मोठ्या डिझेल गाड्यांत धूरनळीत एक द्रावण फवारतात. ट्रकवाले त्याला नुसतं ‘युरिया’ म्हणतात. ते शुद्ध युरियाचं पाण्यातलं द्रावण असतं. शेतातला युरिया पाण्यात विरघळवून टाकीत ओतला, तर यंत्रणा बिघडते.

प्रयोगशाळेतला क्रम माहीत असला, की त्यापुरतं इंजिन जमवता येतं, हा आरोप जगभर झाला आणि सिद्धही झाला. म्हणून एप्रिल २०२३पासून बीएस-६च्या दुसऱ्या टप्प्यात गाडीच्या मागे सुटसुटीत यंत्र बांधून खऱ्या रस्त्यावरची मोजणीही आली.

चिमणीत नळी कशी घालतात

बाळापूर तालुक्यातल्या पारस वीज केंद्रात २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. अमरावतीजवळ नांदगाव पेठला रतनइंडियाचे २७० मेगावॉटचे पाच. डिसेंबर २०१५च्या अधिसूचनेनुसार २००४ ते २०१६ या काळात उभारलेल्या अशा संचांच्या धुरात दर घनमीटरला ५० मिलिग्रॅमपर्यंत कण चालतात.

मोजणीसाठी चिमणीला उंचावर भोकं ठेवलेली असतात. त्यातून नळी आत घालून वायू ओढायचा आणि कण गाळणीवर धरून त्यांचं वजन करायचं. पण नळीने चिमणीतल्या वेगापेक्षा जास्त जोराने ओढलं, तर वायू वळून आत येतो आणि जड कण आपल्या वेगाने सरळ पुढे निघून जातात. आकडा खोटा, आणि कमी येतो. हळू ओढलं तर उलट. म्हणून नळीतला वेग आणि चिमणीतला वेग जुळवावाच लागतो. दुसरी पळवाट धुरात बाहेरची हवा मिसळण्याची. मग दर घनमीटरमधले कण आपोआप कमी दिसतील. ती बंद करण्यासाठी प्रत्येक आकडा ठरावीक तापमान, दाब आणि ऑक्सिजनच्या प्रमाणावर आणूनच तपासतात. अशी हाताने केलेली मोजणी अधूनमधून होते. प्रदूषणकारी उद्योगांच्या १७ वर्गांना शिवाय चिमणीत सतत मोजणारी यंत्रं बसवून आकडे थेट प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाठवावे लागतात.

आता थोडी आकडेमोड. पारसचे दोन्ही संच दिवसभर पूर्ण क्षमतेने चालले, तर १ कोटी २० लाख युनिट वीज होते. कोळशाच्या विजेच्या एका युनिटमागे साडेतीन-चार घनमीटर वायू बाहेर पडतो. म्हणजे दिवसाला साडेचार कोटी घनमीटर. प्रत्येकात मर्यादेइतके ५० मिलिग्रॅम कण धरले, तर नियम तंतोतंत पाळूनही रोज सुमारे सव्वादोन टन राख हवेत जाऊ शकते.

हा आकडा मोठा वाटतो, पण आपल्याकडच्या कोळशात ३० ते ४० टक्के राख असते. एवढी वीज करताना धुराबरोबर उडणारी राख दिवसाला दोन हजार टनांच्या घरात जाते. ती अडवते विजेची गाळणी. धूर उभ्या पत्र्यांमधून नेतात, हजारो व्होल्टच्या तारा कणांवर विद्युतभार चढवतात आणि भारित कण पत्र्यांकडे खेचले जाऊन चिकटतात. थोड्या थोड्या वेळाने पत्र्यांवर हातोडे पडतात आणि राख खालच्या नरसाळ्यात उतरते. हजारातले ९९९ भाग अडले, तेव्हा कुठे ही मर्यादा पाळली जाते.

ही गाळणी वायू अडवत नाही. कोळशातल्या गंधकाचा सल्फर डायऑक्साइड सरळ वर जातो आणि हवेत त्याचे पुढे सूक्ष्म सल्फेट कण बनतात. तो काढणारी यंत्रणा बसवण्याची सक्ती २०१५च्या नियमांनी आणली, मुदती वारंवार वाढल्या, आणि जुलै २०२५मध्ये देशातल्या बहुतेक औष्णिक संचांना त्यातून सूट मिळाली. हवेच्या मानकांत न बसणाऱ्या शहरांपासून दहा किलोमीटरच्या आत असलेल्या केंद्रांबाबत प्रत्येकाचा वेगळा निर्णय घ्यायचं ठरलं.

ज्याला सायलेन्सर नाही आणि चिमणीही नाही

आता शहराच्या गच्चीवर येऊ. इथलं यंत्र धूर कुणाचा ते विचारत नाही. ते हवा ओढतं, गाळणीच्या कागदावर धूळ धरतं, कागदाचं आधीचं आणि नंतरचं वजन वजा करतं. ठरलेली पद्धत अशी, की आठवड्यातून दोन दिवस, चोवीस-चोवीस तास, वर्षाला १०४ नोंदी. १० मायक्रॉनपेक्षा लहान कण म्हणजे पीएम-१०. केसाची जाडी साधारण ५० ते ७० मायक्रॉन असते, त्यावरून आकार ध्यानात येईल. २००९च्या मानकानुसार पीएम-१०ची वर्षाची सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या आत हवी. २.५ मायक्रॉनखालच्या कणांची, म्हणजे पीएम-२.५ची, ४०च्या आत.

या कागदावर जे जमतं, त्यातल्या बऱ्याच भागाला पीयूसी नसते. रस्त्याच्या कडेची माती, बांधकामाची रेती, पेटवलेला कचरा, हॉटेलच्या भट्ट्या, धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) जाळलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या काड्या. वऱ्हाडची काळी माती बारीक चिकणमातीची आहे. पावसात ती ट्रॅक्टरच्या चाकांना चिकटून डांबरावर येते, वाळली की पीठ होते, आणि मागून येणारी प्रत्येक गाडी ती पुन्हा उडवते. बीएस-६ची कारही आणि बॅटरीवरची स्कूटरही. सायलेन्सर कितीही स्वच्छ झाला, तरी चाकाखालची धूळ त्याच्या हिशेबात येत नाही.

अमरावती-अकोला महामार्ग वर्षानुवर्षं रखडला होता. जून २०२२मध्ये लोणी ते माना या भागात एका मार्गिकेचा ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. बातम्यांत विक्रम आला. हवेच्या दृष्टीने मोठी गोष्ट ही, की हा रस्ता एकसंध, पक्का झाला. अर्थात साइडपट्टी कच्ची राहिली आणि वाहनं तिच्यावर उतरत राहिली, तर धूळ तिथूनही उठतेच.

यात भर ऋतूची. मे महिन्यात जमीन तापली, की हवा उंच उठते आणि धूर मोठ्या जागेत पसरतो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री जमिनीलगतची हवा थंड, जड होऊन खालीच राहते आणि तिच्यावर उबदार थर बसतो. धूर वर जायला वाटच नसते. सोडलेला धूर तेवढाच, पण श्वासात येणारा जास्त. उत्सर्जन आणि हवेतलं प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या अशा.

पाऊण किलोचं पेट्रोल, सव्वादोन किलोंचा वायू

आतापर्यंत विषारी धुराचं झालं. हवामान तापवणारा कार्बन डायऑक्साइड पीयूसीचं यंत्र दाखवतं, पण त्याच्यासाठी गाडी नापास होत नाही. कारण तो बिघाडाची खूण नाही. उलट इंधन जितकं नीट जळेल, तितका त्यातला कार्बन पूर्णपणे या वायूत जातो.

एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास. ते जळल्यावर मात्र सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. वाढीव वजन आलं कुठून? हवेतून. १२ ग्रॅम कार्बनला ३२ ग्रॅम ऑक्सिजन चिकटतो आणि ४४ ग्रॅम वायू होतो. म्हणून हा वायू मोजायला सायलेन्सरमध्ये नळी घालावी लागत नाही, पंपावरची पावती पुरते. पेट्रोलचे लिटर गुणिले २.३, डिझेलचे गुणिले २.७. कोळशाच्या विजेला युनिटमागे साधारण एक किलो. म्हणजे पारसचे संच पूर्ण क्षमतेने चालले, तर दिवसाला सुमारे १२ हजार टन.

अख्ख्या देशाचा आकडा

देशाच्या सगळ्या सायलेन्सरांत कुणी नळी घालत नाही. मग देशाचं उत्सर्जन कसं काढतात? पीक उत्पादनाचा अंदाज जसा काढतात, तसं. त्यासाठी प्रत्येक शेतातला कापूस मोजत नाहीत. निवडलेल्या शेतांत ठरावीक मापाच्या तुकड्यावर पीक कापणी प्रयोग होतो, त्यावरून हेक्टरी उतारा निघतो, आणि तो पेऱ्याखालच्या क्षेत्राने गुणला की उत्पादन येतं. उत्सर्जनातही तेच. किती कोळसा जळला, किती डिझेल विकलं, किती जनावरं आहेत, किती युरिया शेतात पडला हे आकडे ‘क्षेत्र’ झाले. प्रत्येकामागे किती वायू सुटतो हे मोजून ठरवलेलं गुणोत्तर म्हणजे ‘उतारा’. आणि पिकाच्या अंदाजावर जसा वाद होतो, तसाच इथेही होतो. वाद क्षेत्रावर कमी, उताऱ्यावर जास्त.

भारताने डिसेंबर २०२४मध्ये संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या अहवालानुसार २०२०चं एकूण उत्सर्जन (जंगलांनी शोषलेला भाग वजा न करता) सुमारे २.९६ अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतकं होतं. त्यातला तीन चतुर्थांश वाटा ऊर्जेचा, तर सुमारे १४ टक्के शेतीचा. शेतीत धूर दिसत नाही, पण जनावरांच्या रवंथातून मिथेन निघतो आणि नत्रखतातून नायट्रस ऑक्साइड, जो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशेपटींहून जास्त तापवतो.

त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे. २००५ ते २०२० या काळात भारताच्या अर्थव्यवस्थेची उत्सर्जन-तीव्रता ३६ टक्क्यांनी घटली. तीव्रता म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या दर रुपयामागचं उत्सर्जन. उत्पन्न दुप्पट झालं आणि उत्सर्जन दीडपट, तर तीव्रता २५ टक्क्यांनी घटली असं म्हणता येतं, पण हवेत गेलेला वायू वाढलेलाच असतो. २०१०मध्ये भारताचं एकूण उत्सर्जन २.१ अब्ज टनांच्या आसपास होतं. म्हणजे तीव्रता घटली, एकूण उत्सर्जन वाढलं, आणि दोन्ही आकडे खरे आहेत. ‘घटलं’ म्हणणारा कशाने भागतो आहे, ते पाहायचं. शिवाय हा हिशेब जिथे जळतं तिथे लिहिला जातो. पारसच्या विजेवर मुंबईत दिवा लागला, तरी कोळशाची नोंद अकोला जिल्ह्यातच राहते.

जे मोजू, तेच कमी होईल

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात शहरांचं मूल्यमापन मुख्यतः पीएम-१०वर होतं. २०२५-२६पर्यंत ४० टक्के घट किंवा मानक गाठणं हे उद्दिष्ट ठरलं. पीएम-१०मध्ये मातीचा वाटा मोठा, म्हणून महापालिकांचं लक्षही मातीकडे गेलं. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०२४मध्ये केलेल्या पाहणीत या कार्यक्रमातला ६४ टक्के खर्च रस्त्यावरच्या धुळीवर झाल्याचं दिसलं, उद्योगांवर एक टक्काही नाही. फुप्फुसात खोल उतरणारे पीएम-२.५चे कण मात्र बहुतेक जळण्यातून येतात. झाडणाऱ्या यंत्राने ते कमी होत नाहीत.

म्हणून उपाय निवडताना तो कोणत्या मोजपट्टीवर उतरेल, हे आधी पाहायला हवं. विजेवरची स्कूटर घ्या. शंभर किलोमीटरला ती साधारण तीन युनिट खाते. देशाच्या ग्रीडमधली वीज युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइडची, म्हणजे २ किलोंच्या आसपास. लिटरला ५० किलोमीटर देणारी पेट्रोल स्कूटर तेवढ्याच अंतराला ४.६ किलो सोडते. तापणाऱ्या हवामानाच्या हिशेबात निम्म्याहून जास्त बचत, अमरावतीच्या राजकमल चौकातल्या धुरात जवळपास पूर्ण बचत, आणि चाकाखालच्या धुळीत काहीच नाही. शेतीपंपाला दिवसा सौर वीज मिळाली, तर कोळशाचा हिशेब हलका होतो, पण शहराच्या गच्चीवरच्या कागदावर त्याचा फारसा डाग पुसला जात नाही.

दोन्ही मोजपट्ट्यांवर एकदम उतरणारे उपाय थोडे असतात. वऱ्हाडात असा एक हाताशी आहे. वेचणी संपली, की उपटलेल्या पऱ्हाट्या धुऱ्यावर पेटवल्या जातात. ओलसर काड्या उघड्यावर धुमसतात, त्यामुळे जळणं अर्धवट राहतं आणि बारीक कण भरपूर निघतात. त्याच पऱ्हाट्यांचा भुगा करून दाबलेल्या गोळ्या औष्णिक केंद्राच्या भट्टीत गेल्या, तर त्या कडक आचेवर पूर्ण जळतात, राख विजेच्या गाळणीत अडते आणि तेवढा कोळसा वाचतो. पऱ्हाटीने तो कार्बन त्याच हंगामात हवेतून घेतलेला असतो, म्हणून तो नव्याने भर घातला असं धरत नाहीत. कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था सिरकॉट हिने पऱ्हाट्यांच्या गोळ्या आणि विटांवर काम केलं आहे, आणि केंद्राच्या धोरणाने कोळशाच्या केंद्रांना असं जैवइंधन काही टक्के मिसळणं बंधनकारक केलं आहे. अडतं ते गोळा करण्यात. पऱ्हाट्या हलक्या आणि फुगीर. दूर नेल्या तर त्यांच्या किमतीपेक्षा भाडं जास्त. तुकडे करणारं यंत्र बांधापर्यंत आलं, तरच शेतकऱ्याला काडी ओढण्यापेक्षा विकणं परवडेल.

चौकट : ‘उत्सर्जन घटलं’ असं कुणी म्हटलं, तर

• कशाचं? विषारी वायूंचं, धूळकणांचं की कार्बन डायऑक्साइडचं? एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही.

• कुठे मोजलं? सायलेन्सरमध्ये, चिमणीत, शहराच्या हवेत की कागदावर गुणाकार करून?

• कोणत्या एककात? टक्के आणि दर घनमीटरमधले मिलिग्रॅम प्रमाण सांगतात. एकूण किती गेलं ते टनांतच कळतं.

• कशाने भागलं? दर रुपयामागे, दर युनिटमागे की एकूण?

• कोणत्या वर्षाशी तुलना? २०२० हे टाळेबंदीचं वर्ष होतं. त्याच्याशी तुलना केली, तर पुढची सगळी वर्षं वाईटच दिसतील.

• कोणत्या ऋतूत? जुलैचा आकडा जानेवारीशी ताडून पाहिला, तर श्रेय पावसाला द्यावं लागेल.